लाल ठिपका, हिरवा ठिपका

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. सांगायची वेळ तीन-चारदा आली होती — प्रत्येक वेळी मी दुसरंच काहीतरी बोललो. बातमीत सगळ्यात महत्त्वाचं पहिल्या वाक्यात लिहायचं, हे मी नव्या वार्ताहरांना वर्षानुवर्षं शिकवत आलो. इथे ते जमत नाहीये. तुम्ही थोडं थांबाल?

एवढं आधीच सांगून टाकतो. गोष्ट रामेश्वरची आहे, माझ्या मित्राची. त्याला हवाई दलात जायचं होतं. तो जाऊ शकला नाही. का जाऊ शकला नाही, ते सगळ्यांना माहीत आहे आणि ते कारण खरं आहे. पण त्या कारणाच्या अलीकडे आणखी एक गोष्ट आहे — ती फक्त मला माहीत आहे.

संग्रामपूरला बसस्टँडजवळ माझ्या वडिलांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. घरोघरी रंगीत टीव्ही नुकते येऊ लागले होते, आणि आले की महिना-दोन महिन्यांत आमच्याकडे यायचे. कुणाचं चित्र पळायचं, कुणाचे चेहरे जांभळे दिसायचे. सातपुड्याच्या बाजूच्या गावांत तर अँटेना कितीही उंच नेला तरी चित्रावर मुंग्या असायच्याच. टीव्हीवरचा रंग खरा असतो, असं आमच्याकडे कुणी गृहीतच धरलेलं नव्हतं. हे लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यामुळे घडू शकलं.

मी अकरावीत असताना मामांनी अकोल्याहून व्हिडिओ गेम आणला. पांढरा डबा, दोन रिमोट, आणि वर खोचायची कॅसेट. कॅसेटी तीन होत्या. दोन आम्ही आठवड्यात बाजूला टाकल्या. तिसरी विमानाची होती. ती आम्ही दोन वर्षं खेळलो.

विमानाच्या आत बसल्यासारखं चित्र असायचं. समोर काच, काचेपलीकडे आभाळ, खाली समुद्र. त्यात एक गंमत होती — रिमोटचं बटण खाली दाबलं की विमानाचं नाक वर जायचं आणि वर दाबलं की खाली. मला ते शेवटपर्यंत जमलं नाही. माझं विमान सरळ समुद्रात जायचं. रामेश्वरला पहिल्याच दुपारी जमलं. तो म्हणाला, "अबे, बैलाचा कासरा वढला का तो मुंडकं वर करते ना? तसंच आहे हे." त्यानंतर मी रिमोट फारसा मागितलाच नाही. जहाजावर विमान उतरवायचा एक भाग होता, तो आमच्या ओळखीत दुसऱ्या कुणालाही पार करता आला नाही. रामेश्वर ते विमान इतकं हलकेच टेकवायचा की दुकानात दुरुस्तीला आलेली गिऱ्हाइकंसुद्धा थांबून बघायची.

रामेश्वरच्या घरी भाजीपाल्याचा मळा होता. वांगी, मिरची, मेथी, टमाटे. त्याची आई — मी तिला मावशी म्हणायचो — बाजाराच्या दिवशी स्वतः दुकान मांडून बसायची. जिभेनं तिखट बाई. रामेश्वर टमाटे तोडायला गेला की निम्मे हिरवे घेऊन यायचा, आणि मावशी सगळ्यांसमोर त्याचा उद्धार करायची. "बारावीचा पोट्टा, आन् पिकलेलं समजत नाही याले! ध्यान कुठी असते रे तुयं? त्या डब्यात?" म्हणून त्याला टमाट्यांवर पाठवणं तिनं बंद केलं. तो पाणी द्यायचा. तो आळशी आहे, असं घरात ठरून गेलं होतं. त्यालाही ते पटलं होतं.

आता त्या खेळातली एक गोष्ट सांगायला हवी. काचेच्या खाली एक छोटा चौकोन होता — रडार. त्यात ठिपके फिरायचे. लाल ठिपका शत्रूचं विमान, हिरवा आपल्या बाजूचं. आपल्याच बाजूची तीन विमानं पाडली की खेळ संपायचा.

रामेश्वर आपलीच विमानं पाडायचा.

सुरुवातीला सगळे हसायचे. "आपलेच मारून राह्यला बे हा! दुश्मनाकडून पगार खाते का?" तोही हसायचा. मग मी त्याच्या डाव्या बाजूला बसून सांगायला लागलो — आपला, त्याचा, त्याचा, आपला. मी सांगायला लागल्यापासून त्याला कुणी हरवू शकलं नाही. आम्ही दोघं मिळून एक विमान उडवायचो, असं म्हणता येईल. मला ते आवडायचं. किती आवडायचं, हे मला फार उशिरा कळलं. वर्गात तो हुशार, पोहण्यात तो पुढे, पोरींसमोर बोलायचा तोच — आणि त्या खेळासमोर मात्र माझ्यावाचून त्याचं चालत नव्हतं.

एकदा त्यानं विचारलंच. खेळता खेळता, पडद्यावरची नजर न काढता. "हे दोन्ही ठिपके मले तं एकसारखेच दिसतात. तुले काऊन येगळे दिसतात बे?"

मी म्हणालो, "पिक्चर ट्यूब उतरलीय, रंग नीट येत नाहीत. मला सवय आहे म्हणून कळतं."

टीव्ही मेकॅनिकच्या मुलानं सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि पुढचं विमान पाडलं.

त्या दिवशी मी खोटं बोललो का? नाही. त्या दिवशी मला खरंच तसं वाटत होतं. इथपर्यंत मी निर्दोष आहे. आणि हे वाक्य मला लिहायला मिळावं म्हणून मी इतका वेळ आजूबाजूचं सांगत बसलो होतो, हेही तुमच्या लक्षात आलं असेल.

दुकानात दुरुस्त झालेले टीव्ही मालक न्यायला येईपर्यंत पडून असायचे. ते नीट चालतात का हे बघायला मी त्यांना व्हिडिओ गेम जोडायचो. वडिलांची ना नव्हती. पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत आम्ही पाच वेगवेगळ्या टीव्हींवर खेळलो. त्यातले दोन कोरे होते, रंग इतके चोख की डोळ्यांत भरावेत. टीव्ही बदलत होते. रामेश्वरची चूक बदलत नव्हती.

मग मी त्याची परीक्षा घेतली. त्याला न सांगता. टेबलावर वायरचे तुकडे पडलेले असायचे, मी डोकं टीव्हीच्या मागे घालून हात पुढे केला आणि म्हणालो, "लाल दे." त्यानं हिरवी दिली. मी ती बाजूला ठेवून परत म्हणालो, "लाल." त्यानं परत हिरवी दिली. तिसऱ्यांदा मी डोकं बाहेर काढून मागितली, तेव्हा लाल दिली — पण देण्याआधी त्यानं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं होतं. टमाट्यांचं मला तेव्हाच आठवलं.

बारावीच्या परीक्षेला तेव्हा चार महिने होते. डोळ्यांत असा दोष असतो, लाल-हिरवा वेगळा कळत नाही आणि अशा माणसाला रेल्वे-विमानाच्या नोकरीत घेत नाहीत, हे जीवशास्त्राच्या पुस्तकात होतं. मी ते पान वाचलं. दोनदा वाचलं. त्याला सांगितलं नाही.

का? त्या वेळी तरी वाईट हेतू नव्हता, असं मला वाटतं. सांगितलं असतं तर त्यानं विमानाची कॅसेट सोडली असती. आणि मग त्याच्या डाव्या बाजूला बसायचं काही कारण उरलं नसतं.

आम्ही दोघांनी ठरवलं होतं की हवाई दलात जायचं. सोबत जायचं. वैमानिक नाही, तेवढी समज होती. पण विमानांजवळचं कुठलंही काम. एक जण मागे राहिला तर दुसऱ्यानं वर्षभर थांबायचं — हे शब्द रामेश्वरचेच होते, पांडव नदीच्या पुलावर बसून बोललेले. निकाल लागला. तो चांगल्या गुणांनी पास झाला. मी भौतिकशास्त्रात नापास झालो.

त्यानं फॉर्म भरला, हे मला त्यानं सांगितलं नाही. फोटो स्टुडिओवाल्यानं सांगितलं. मी वडिलांचं काही काम घेऊन गेलो होतो, तर तो म्हणाला, "तुया दोस्तानं भरतीसाठी फोटो काढले, तू नाही काढून राह्यला का?" काउंटरवरच्या पाकिटात रामेश्वरचे आठ फोटो होते. ओले केस चापूनचोपून बसवलेले, गळ्यापर्यंत बटण लावलेलं.

मी दुकानात परत आलो. काही बोललो नाही. तोही काही बोलला नाही, पंधरा दिवस. मग एक दिवस सहज सांगितल्यासारखं म्हणाला, "मी भरून टाकला बे फॉर्म. वय निघून जाते. तू पुढच्या वर्षी ये, तवरिक मी तिथी ओळख काढून ठेवतो."

मी म्हणालो, बरं केलंस.

दगा झाल्याची भावना काय असते, हे मी नंतर अनेकांच्या तोंडून ऐकलं आणि लिहूनही घेतलं. पक्ष बदललेल्या पुढाऱ्याबद्दल बोलणारे कार्यकर्ते, भाऊ परस्पर शेत विकून मोकळा झाला म्हणून सांगणारा भाऊ. सगळे एकच सांगतात — गेला त्याचं काही नाही, सांगून गेला असता तर. मला ते दर वेळी समजायचं. माझ्याशी झालेला दगा तेवढाच होता. आठ फोटो आणि पंधरा दिवस.

लेखी परीक्षा तो पास झाला. नागपूरला वैद्यकीय तपासणीची तारीख आली. आणि त्याच आठवड्यात डी.एड.च्या प्रवेशाचं पत्र आलं. तेव्हा डी.एड. म्हणजे मास्तरकीची नोकरी जवळपास हातात आल्यासारखीच. प्रवेश घ्यायची शेवटची तारीख आणि तपासणीची तारीख एकच होती. एकीकडे बुलडाणा, एकीकडे नागपूर.

मावशी आमच्या दुकानात आली. ती कधी दुकानात येत नसे. डोक्यावरची पाटी बाकावर ठेवून ती उभ्यानंच म्हणाली, "तुयं आयकते तो. त्याले सांग बाबा, मास्तर हो म्हणा. बुडाखाली शाळा, हाताशी घर. त्या विमानात काय ठेवलं आहे?" मी म्हणालो, सांगतो. तिनं पाटीतली वांगी आमच्या घरासाठी काढून ठेवली.

संध्याकाळी रामेश्वर आला. त्यानं दोन्ही पत्रं टेबलावर ठेवली. तो खरोखरच अडकलेला होता. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे मी स्वतःला वर्षानुवर्षं सांगत आलो की त्याचं आधीच ठरलेलं होतं. ठरलेलं नव्हतं. तो म्हणाला, "माय म्हणते डी.एड. कर. तू सांग. तू म्हणशीन ते करतो."

तुम्ही म्हणाल, तू तेव्हा अठरा वर्षांचा होतास. होतो. जीवशास्त्राचं ते पान मला पाठ होतं. तपासणीत काय होईल, हे त्या खोलीत एका माणसाला माहीत होतं.

मी म्हणालो, "विमान सोडून खडू धरतो काय बे?"

तो हसला. खूप मोकळं हसला, ओझं उतरल्यासारखं. मग म्हणाला, चल, एकदा खेळू. मी गेम जोडला. त्याच्या डावीकडे बसलो. आपला, त्याचा, त्याचा, आपला. मी एकही ठिपका चुकीचा सांगितला नाही. त्या संध्याकाळी तो सगळ्यात चांगला खेळला. वडील काम थांबवून बघत होते, म्हणाले, "याला खरं विमान द्या रे कुणीतरी."

नागपूरच्या गाडीत त्याला बसवून द्यायला मीच गेलो होतो. मावशी आली नव्हती.

तिथे काय झालं, हे त्यानं मला नंतर सांगितलं. उंची, वजन, छाती, कान — सगळं ठीक. मग डॉक्टरांनी एक पुस्तक उघडलं. पानावर रंगीत ठिपक्यांचा गोल. विचारलं, यात कुठला आकडा दिसतो? तो म्हणाला, "आकडा नाही साहेब, ठिपके आहेत." डॉक्टरांनी पान उलटलं. ठिपके. आणखी एक. ठिपके. चौथ्या पानानंतर त्यांनी पुस्तक मिटलं आणि मागच्या मुलाला बोलावलं. बाहेर पडताना त्यानं विचारलं, हे मला कशामुळं झालं? डॉक्टर चांगले असावेत. त्यांनी समजावून सांगितलं — हा दोष जन्मापासून असतो, आईकडून येतो आणि बहुतेक मुलग्यांतच दिसतो.

तो घरी आला तेव्हा मी तिथेच होतो. अंगणात. मावशी मेथी निवडत होती. त्यानं पिशवी खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "तुह्यापासून आलं हे. डॉक्टर म्हणे मायकडून येते." मावशीला आधी कळलंच नाही. "माया डोळ्यात काय खोट आहे बाबा? मले तं सगळं दिसते." मग त्याच्या बहिणीनं, मंदानं, समजावून सांगितलं. मावशीच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. ती म्हणाली, "आन् मी त्याले टमाट्यापायी मारत होती."

मी खाटेवर बसलो होतो. मला बोलता आलं असतं. एवढंच म्हणता आलं असतं — मावशी, तुला कसं कळणार, मला मात्र कळलं होतं. मी उठून पाणी प्यालो.

रामेश्वरनं मला दोन दिवसांनी विचारलं. पुलावर. "तुले कधी वाटलं नाही का बे? तू तं बाजूलेच बसायचा."

मी म्हणालो, "नाही रे. मला वाटायचं टीव्हीच खराब आहे."

हे ते खोटं. बाकी सगळं याच्याभोवती आहे.

त्यानं लगेच विश्वास ठेवला. क्षणभरही विचार केला नाही. म्हणाला, "हाव, तुले तरी कसं समजीन." आणि मग — हे मला आजही सहन होत नाही — त्यानं माझी माफी मागितली. तुला न सांगता फॉर्म भरला म्हणून.

डी.एड.ची जागा यादीतल्या पुढच्या मुलाला गेली होती. पुढच्या वर्षी गुणांची मर्यादा वर गेली आणि त्याचं नाव लागलं नाही. तो मळ्यात उतरला. आज त्याचा भाजीपाला खामगावपर्यंत जातो, घर पक्कं आहे, दोन मुली शिकतात. त्याचं वाईट झालं नाही — हे वाक्य मी इथे लिहिलं, कारण ते मला नेहमी उपयोगी पडलं आहे. ते खोडतो.

मावशीचं काय झालं, ते सांगतो. त्या वर्षापासून त्यांच्या मळ्यात टमाटे लागले नाहीत. का, ते तिनं सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. मंदाला दिवस गेले तेव्हा मावशीनं देवीला नवस बोलला — मुलगी होऊ दे. बायकांनी तोंडात बोटं घातली. पहिलटकरणीला मुलगी व्हावी म्हणून नवस बोलणारी आई त्यांनी कधी पाहिली नव्हती. ती कुणाला कारण कसं सांगणार? तिला वाटत होतं, तिनं पोरांच्या रक्तात काहीतरी वाईट कालवलं आहे. मंदाला मुलगी झाली. दुसऱ्या खेपेला मुलगा झाला, तेव्हा मावशी बारशाला गेली नाही. ती वारली तेव्हा मी तिच्याबद्दल चार ओळींची बातमी छापून आणली. कष्टाळू, मनमिळाऊ. चार ओळींत दुसरं काय येतं?

गेल्या वर्षी रामेश्वर माझ्या कार्यालयात आला. मंदाच्या मुलात तोच दोष निघाला होता, शाळेतल्या तपासणीत. वेळेवर कळलं. पोरगं आता त्याप्रमाणे आपली वाट ठरवील. रामेश्वर खूश होता. खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "तू लिही यावर. गावात कोणालेच माहीत नसते हे. माया सांग, नाव टाक, मले काही लाज नाही."

मी वही काढली. त्यानं सगळं सांगितलं. टमाटे, विमानाची कॅसेट, रडार, नागपूरचं पुस्तक. मी टिपून घेत होतो, मधेमधे प्रश्न विचारत होतो — नेमकी कुठली इयत्ता, नेमकं काय म्हणाले डॉक्टर. मला ठाऊक असलेल्या गोष्टी मी त्याला विचारत होतो. शेवटी तो म्हणाला, "हे लिहिजो बरं — माया दोस्त रोज बाजूले बसे, ठिपके सांगे, पन त्याच्याबी ध्यानात आलं नाही. सख्ख्या मायच्याबी नाही. म्हणून तपासून घ्या म्हणा." दोस्ताचं नाव टाकू का, असं मी विचारलं. तो हसून म्हणाला, "तुयं नाव तूच टाकतं का बे? ऱ्हाऊ दे."

बातमी रविवारच्या अंकात आली, चौकटीत, फोटोसह. आमचा रिवाज असा की प्रत्येक माहितीला दुजोरा घ्यायचा. तिसऱ्या परिच्छेदातलं वाक्य मी दुजोऱ्याशिवाय छापायला सोडलं. ते असं आहे : 'कुटुंबीय, शिक्षक, मित्र यांपैकी कुणाच्याही ही बाब कधी लक्षात आली नाही.'

रामेश्वरनं त्या बातमीच्या झेरॉक्स काढल्या. मोटारसायकलवर फिरून त्यानं त्या तालुक्यातल्या शाळांत दिल्या. बऱ्याच शाळांनी कार्यालयाच्या भिंतीवर चिकटवल्या आहेत. मी कामानिमित्त जातो तेव्हा मुख्याध्यापक मला त्या दाखवतात आणि चहा मागवतात. वाक्य तसंच आहे. वर माझं नाव आहे.